तंत्र-शंका : फोटोंच्या वेबसाइटला स्वतःचं डोमेन जोडताना

स्मगमग, स्क्वेअरस्पेस, पिक्सीसेट अशा तयार सेवांवर फोटोंची वेबसाइट करायची आणि तिला आपल्या नावाचं डोमेन लावायचं, यावर या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उदाहरणात ‘माझंनाव डॉट कॉम’ असेल तिथे आपापलं डोमेन धरावं. पत्त्याच्या सुरुवातीच्या तीन डब्ल्यूंना सोयीसाठी ‘ट्रिपल डब्ल्यू’ म्हटलं आहे.

प्रश्न : स्मगमगवर लग्नांच्या आणि वन्यजीवांच्या फोटोंची वेबसाइट तयार आहे. डोमेन मात्र दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कंपनीकडून घेऊन ठेवलं होतं. ते आधी स्मगमगकडे ट्रान्सफर करावं लागेल का? आणि नेमकं कुठे काय भरायचं? — एक वाचक, सातारा

उत्तर : ट्रान्सफरची गरज नाही. डोमेन आहे तिथेच राहू द्या, दरवर्षीचे पैसेही तिथेच भरा. ट्रान्सफर म्हणजे नोंदणीच एका कंपनीकडून दुसरीकडे नेणं. त्याला कोड लागतो, काही दिवस जातात, आणि नव्या डोमेनचं ट्रान्सफर पहिले ६० दिवस बहुधा होतच नाही. तुम्हाला एवढंच हवं आहे की कुणी तुमचं नाव ब्राउझरमध्ये टाकलं, की त्याला स्मगमगच्या सर्व्हरचा पत्ता मिळावा. डीएनएस म्हणजे डोमेनचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता यांची जोडी लावून देणारी इंटरनेटची यादी; तिच्यातल्या एका ओळीचं काम आहे.

काम दोन ठिकाणी करायचं आणि दोन्हीकडे पुरं करायचं. स्मगमगच्या खात्याच्या सेटिंगमध्ये कस्टम डोमेनची जागा आहे, तिथे ट्रिपल डब्ल्यूसकट पूर्ण नाव भरा. मग डोमेनच्या कंपनीकडे लॉगिन करून ‘डीएनएस मॅनेजमेंट’ उघडा. तिथल्या तक्त्यात एक ओळ, म्हणजे ‘रेकॉर्ड’, हवी : प्रकार ‘सीनेम’ (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारा), होस्टच्या रकान्यात फक्त ट्रिपल डब्ल्यू, व्हॅल्यूच्या रकान्यात ‘डोमेन्स डॉट स्मगमग डॉट कॉम’, आणि टीटीएल, म्हणजे हे उत्तर इतरांनी किती वेळ साठवून ठेवायचं ते, ३६०० सेकंद. फक्त स्मगमगकडे नाव भरलं तर डोमेन कंपनीचं जाहिरातींचं पान दिसत राहतं. फक्त डीएनएस केलं तर विनंती स्मगमगच्या दारापर्यंत जाते, पण हे नाव कुठल्या खात्याचं ते तिथे कुणाला ठाऊक नसतं, म्हणून ‘पान सापडलं नाही’ असं उत्तर येतं. काय दिसतंय यावरूनच कुठली बाजू राहिली ते कळतं.

ही एक ओळ भरताना चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. होस्टच्या रकान्यात लोक पूर्ण पत्ता लिहितात. बहुतेक कंपन्यांचा तक्ता त्यापुढे डोमेन आपोआप जोडतो, त्यामुळे रेकॉर्ड ‘ट्रिपल डब्ल्यू डॉट माझंनाव डॉट कॉम डॉट माझंनाव डॉट कॉम’ या नावाने तयार होतो. तो पत्ता कुणी कधीच टाकणार नाही आणि तक्त्यात पाहिलं तर सगळं जागेवर दिसतं. व्हॅल्यूमध्ये ‘एचटीटीपीएस’ किंवा तिरपी रेघ लिहायची नाही. तिथे नुसतं नाव लागतं.

दुसरी अडचण जुन्या ओळीची. डोमेन घेतल्यावर कंपनी ट्रिपल डब्ल्यूचा एक रेकॉर्ड स्वतःच घालून ठेवते. एका नावावर दोन सीनेम चालत नाहीत, म्हणून नवी ओळ घालायला गेलं की ‘रेकॉर्ड आधीच आहे’ असा संदेश येतो. अशा वेळी नवी ओळ घालू नका. आहे तीच ओळ पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करून बदला.

तिसरी चूक सर्वांत जास्त वेळ खाते. तुम्ही ज्या तक्त्यात लिहिताय तो चालू आहे का, हे आधी पाहायला हवं. डोमेनच्या पानावर ‘नेमसर्व्हर’ असं एक वेगळं कलम असतं. तिथे एखाद्या जुन्या होस्टिंगची नावं असतील, तर जग उत्तर विचारायला त्या होस्टिंगकडे जातं आणि डोमेन कंपनीच्या तक्त्यात काहीही लिहिलं तरी ते कुणी वाचत नाही. मग बदल जुन्या होस्टिंगच्या पॅनलमध्ये करावा लागतो.

प्रश्न : ट्रिपल डब्ल्यू लावून साइट उघडते. नुसतं नाव टाकलं तर कधी कोरं पान, कधी सुरक्षिततेचा इशारा. नुसत्या नावालाही सीनेम लावायला गेलो तर तक्ता घेत नाही. — एक वाचिका, नाशिक

उत्तर : तक्ता बरोबर अडवतोय. ज्या नावावर सीनेम आहे त्या नावावर दुसरा कुठलाही रेकॉर्ड असू शकत नाही, असा डीएनएसचा १९८७ पासूनचा नियम आहे. नुसत्या डोमेनवर, म्हणजे तक्त्यात ‘@’ या चिन्हाने दिसणाऱ्या जागी, ‘एनएस’ (नेमसर्व्हरची नावं) आणि ‘एसओए’ (तक्त्याची मूळ माहिती) हे दोन रेकॉर्ड कायमचे असतात. त्यामुळे सीनेमला तिथे जागाच नाही. काही पॅनल हे अडवत नाहीत आणि रेकॉर्ड घेऊन टाकतात. मग ईमेलचे रेकॉर्ड झाकले जातात आणि मेल बंद पडतो, तेव्हा अशी मुभा मिळाली तरी ती वापरू नका.

यातून वाट कुठली, ते तुमच्या सेवेवर ठरतं. स्क्वेअरस्पेससारखी सेवा नुसत्या नावासाठी ‘ए’ रेकॉर्ड, म्हणजे सर्व्हरचा आकडी (आयपी) पत्ता थेट सांगणारी ओळ, देते. तिथे चार आयपी पत्ते मिळतात, चारही ‘@’वर लावायचे, शिवाय ट्रिपल डब्ल्यूचा एक सीनेम आणि ओळख पटवण्यासाठी एक वेगळा सीनेम. हे आकडे आमच्यासारख्या स्तंभातून किंवा जुन्या व्हिडिओतून उतरवून घेऊ नका. सेवेच्या पानावर आज जे दिसतंय तेच कॉपी-पेस्ट करा. आणि ‘@’वर आधीपासून असलेला पार्किंगचा, म्हणजे डोमेन कंपनीच्या जाहिरातींच्या पानाचा, ए रेकॉर्ड काढून टाका. तो राहिला तर पाहुण्यांना आळीपाळीने कधी तुमची साइट, कधी जाहिरातींचं पान मिळतं. ‘माझ्याकडे दिसतं, ग्राहकाकडे दिसत नाही’ या तक्रारीमागे फार वेळा हाच शिल्लक राहिलेला रेकॉर्ड असतो.

सेवा फक्त सीनेम देत असेल, तर काही डीएनएस कंपन्यांकडे ‘एलियस’ किंवा ‘एनेम’ नावाचा प्रकार असतो. तो सीनेमसारखा लिहायचा, पण बाहेर उत्तर आयपी पत्त्याचं जातं. सेवेच्या मदतपानावर त्याला परवानगी असेल तरच तो वापरा.

हे दोन्ही नसेल तर फॉरवर्डिंग : नुसत्या नावावर आलेल्या माणसाला ट्रिपल डब्ल्यूकडे पाठवायचं. यात प्रकार ‘३०१ कायमस्वरूपी’ निवडा आणि ‘मास्किंग’ बंद ठेवा. मास्किंगमध्ये तुमची साइट एका चौकटीत दाखवली जाते. पत्त्याच्या पट्टीत सगळीकडे एकच नाव राहतं, त्यामुळे एखाद्या गॅलरीची लिंक कुणाला पाठवताच येत नाही, आणि मोबाइलवर मांडणीही बिघडते.

तुमच्या पत्रातला सुरक्षिततेचा इशारा बहुधा इथूनच येतोय. डोमेन कंपनीचं फॉरवर्डिंग काही ठिकाणी फक्त साध्या एचटीटीपीवर चालतं, सुरक्षित एचटीटीपीएसवर नाही. पूर्वी ते खपून जायचं. एप्रिल २०२१ मधल्या क्रोम ९० पासून मात्र पत्त्याच्या पट्टीत नुसतं नाव टाकलं की ब्राउझर आधी एचटीटीपीएस वापरून पाहतो. फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरकडे तुमच्या नावाचं सुरक्षिततेचं (एसएसएल) प्रमाणपत्रच नसेल, तर पुढे पाठवण्याआधीच गाडी अडते. डोमेन कंपनीला स्पष्ट विचारा : फॉरवर्डिंगवर एसएसएल आहे का? नसेल तर डीएनएस क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेच्या मोफत खात्यावर हलवता येतं. तिथे ‘@’वर १९२.०.२.१ हा नुसता जागा अडवणारा ए रेकॉर्ड नारिंगी ढगासकट (वाहतूक क्लाउडफ्लेअरमधून) लावा, ट्रिपल डब्ल्यूचा सीनेम करड्या ढगावर (वाहतूक थेट) ठेवा, आणि रिडायरेक्टचा नियम लिहा. नुसत्या नावाचं प्रमाणपत्र मग क्लाउडफ्लेअर काढतं.

शेवटी चार पत्ते तपासायचे : एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही ट्रिपल डब्ल्यूसह आणि त्याविना. चारही एकाच पत्त्यावर जाऊन थांबले पाहिजेत.

प्रश्न : सगळे म्हणतात ४८ तास थांबा. मी तीन दिवस थांबलो. अजून किती थांबायचं? — एक वाचक, लातूर

उत्तर : आता थांबू नका. तीन दिवसांनंतरही दिसत नसेल तर रेकॉर्ड चुकीचा आहे किंवा चुकीच्या तक्त्यात आहे.

४८ तासांना एक नेमकं कारण आहे आणि ते बहुतेकांना लागूच होत नाही. डॉट कॉमच्या नोंदवहीत प्रत्येक डोमेनचे नेमसर्व्हर १,७२,८०० सेकंदांच्या टीटीएलने दिलेले असतात, म्हणजे बरोबर दोन दिवस. नेमसर्व्हर बदलले, तर ज्यांच्याकडे जुनं उत्तर साठलेलं आहे ते दोन दिवस जुन्याच ठिकाणी विचारू शकतात. तुम्ही नेमसर्व्हर न बदलता फक्त एक सीनेम बदलला असेल, तर जुन्या ओळीचा टीटीएल होता तेवढाच वेळ लागतो : ३६०० असेल तर तास, १४,४०० असेल तर चार तास. म्हणून चालू साइट हलवायची असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल ३०० करून ठेवा. दुसऱ्या दिवशी बदल पाच-दहा मिनिटांत जगभर पोचतो. साइट स्थिरावली की पुन्हा ३६०० करा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रेकॉर्ड घालण्याआधीच उत्सुकतेने तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहिला, तर ‘असं नावच नाही’ हे उत्तरही साठवून ठेवलं जातं. किती वेळ, ते डोमेनच्या एसओए रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं. कुठे पाच मिनिटं, कुठे तास, कुठे त्याहून जास्त. तेव्हा आधी रेकॉर्ड, मग ब्राउझर.

तपासायला ब्राउझर वापरू नका, तो स्वतःही बरंच साठवून ठेवतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एनएसलुकअप’, मग तुमचा पूर्ण पत्ता, मग ८.८.८.८ असं टाका, प्रत्येकामध्ये एक जागा सोडून, सगळं अर्थात इंग्रजी अक्षर-आकड्यांत. हे उत्तर गूगलच्या डीएनएसकडून येतं. मग शेवटी १.१.१.१ टाकून क्लाउडफ्लेअरला विचारा. दोन्हीकडे सेवेचं नाव दिसलं आणि तुमच्याच संगणकावर साइट उघडत नसेल, तर ‘आयपीकॉन्फिग’पुढे ‘/फ्लशडीएनएस’ चालवा किंवा मोबाइल डेटावर पाहा. दोन्हीकडे काहीच दिसत नसेल, तर पहिल्या उत्तरातल्या तीन चुका पुन्हा तपासा.

प्रश्न : वेबसाइट सेवेने सांगितलं म्हणून नेमसर्व्हर बदलले. साइट लगेच सुरू झाली, पण स्टुडिओच्या डोमेनवरचा ईमेल त्याच दिवशी बंद पडला. — एक वाचिका, पणजी

उत्तर : नेमसर्व्हर बदलणं म्हणजे अख्खा तक्ता बदलणं. जुन्या तक्त्यात साइटशिवाय ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारे ‘एमएक्स’ रेकॉर्ड होते, मेल खरंच तुमच्याकडून आला हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएमचे टीएक्सटी (मजकुराचे) रेकॉर्ड होते. नव्या तक्त्यात ते कुणी घातलेच नाहीत. साइटसाठी एक-दोन ओळी पुरत असताना नेमसर्व्हर बदलायला सांगणं सेवांना सोपं जातं, कारण त्यांना मग मदत कमी करावी लागते. ज्यांचा ईमेल डोमेनवर आहे त्यांनी मात्र तो रस्ता टाळावा आणि ‘रेकॉर्ड बदलून जोडणं’ हा पर्याय मागून घ्यावा.

आता करायचं ते असं. नव्या तक्त्यात मेल सेवेचे एमएक्स रेकॉर्ड ‘@’वर घाला. झोहोच्या भारतातल्या खात्यासाठी तीन असतात : एमएक्स डॉट झोहो डॉट इन प्राधान्य १०, एमएक्स२ प्राधान्य २०, एमएक्स३ प्राधान्य ५०. गूगल वर्कस्पेसचा सध्या ‘एसएमटीपी डॉट गूगल डॉट कॉम’ हा एकच, प्राधान्य १. जुने पाच असतील तर तेही चालतात. मग एसपीएफ. तो एकच असावा. मेल सेवेसाठी एक आणि बातमीपत्र पाठवणाऱ्या सेवेसाठी दुसरा, असे दोन वेगळे एसपीएफ लिहिले तर दोन्ही बाद ठरतात. एकाच ओळीत दोघांना बसवावं लागतं. डीकेआयएमची लांबलचक किल्ली मेल सेवेच्या पॅनलमधून पुन्हा उतरवून घ्या. ती राहिली तर मेल येतील, पण तुम्ही पाठवलेले मेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतील, आणि ते कळायला महिना लागतो.

मधल्या काळातले मेल पूर्ण बुडाले असं समजू नका. पाठवणारा सर्व्हर पोचवता आलं नाही तर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. लवकर दुरुस्त केलंत तर त्यातले बरेच येऊन दाखल होतील.

नेमसर्व्हर बदलणाऱ्यांनी आणखी एक पाहावं : डोमेनवर डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरची डिजिटल सही, चालू आहे का. चालू असेल तर आधी ते बंद करा, एक दिवस जाऊ द्या, मग नेमसर्व्हर बदला. जुनी सही डॉट कॉमच्या नोंदवहीत राहिली आणि उत्तरं नव्या ठिकाणाहून येऊ लागली, तर सही तपासणारे डीएनएस ती उत्तरं नाकारतात. गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघेही तपासतात. सगळ्याच इंटरनेट कंपन्या तपासत नाहीत, त्यामुळे साइट एका जोडणीवर उघडते, शेजारच्या जोडणीवर नाही, आणि रेकॉर्ड पाहावेत तर सगळे बरोबर.

प्रश्न : साइट उघडते पण ‘नॉट सिक्युअर’ दिसतं. सेवेच्या पानावर ‘एसएसएल पेंडिंग’ आठवडाभर तसंच आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : जुलै २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६८ पासून एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साइटवर हा शिक्का येतो. प्रमाणपत्र तुम्ही विकत घ्यायचं नाही; सेवा ते स्वतः काढते, बहुधा लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेकडून. ‘पेंडिंग’वर अडकलं म्हणजे डोमेन खरंच तिकडे येतंय का, ही तपासणी नापास होते आहे. कारणं बघायची ती या क्रमाने.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर आधी ढगाचा रंग पाहा. नारिंगी ढग म्हणजे वाहतूक मध्ये क्लाउडफ्लेअरमधून जाते. सेवेच्या तपासणीला तुमच्या नावावर स्वतःचा पत्ता न दिसता क्लाउडफ्लेअरचा दिसतो. ढग करडा करा. नारिंगी ठेवून एसएसएलची पद्धत ‘फ्लेक्सिबल’ असेल, तर साइट स्वतःभोवतीच फिरत राहते आणि ‘फार वेळा रिडायरेक्ट झालं’ असा संदेश येतो.

मग ‘एएएए’ रेकॉर्ड शोधा. हा आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, आयपी पत्ता. जुन्या होस्टिंगचा एखादा मागे राहिलेला असतो आणि ए रेकॉर्ड बदलताना त्याकडे लक्ष जात नाही. ए आणि एएएए दोन्ही असले तर लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६वर जातं, म्हणजे तुमच्या जुन्या सर्व्हरवर. जिओसारख्या मोबाइल जोडण्यांवर आयपीव्ही६ सर्रास असल्यामुळे ग्राहकांनाही जुनीच साइट दिसू शकते. सेवेने एएएए दिला नसेल तर तो काढून टाका.

शेवटी ‘सीएए’ रेकॉर्ड. कुठल्या संस्थेने तुमच्या नावाचं प्रमाणपत्र द्यावं ते यात लिहिलेलं असतं आणि सप्टेंबर २०१७ पासून ते पाहणं सर्व संस्थांना बंधनकारक आहे. जुन्या होस्टिंगने दुसऱ्याच संस्थेचं नाव लिहून ठेवलं असेल तर लेट्स एन्क्रिप्ट नकार देतं. त्याचं नाव वाढवा, नाही तर सीएए काढा.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि सेवा ते मुदतीआधी आपोआप नवं करते. म्हणून साइट सुरळीत चालू असताना ढग नारिंगी केला किंवा सीएए घातला, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. नूतनीकरणाची वेळ आली की साइट बंद पडते आणि तोवर बदल केल्याचं कुणाला आठवत नाही. डीएनएसमध्ये हात घातला की तारीख आणि बदल कुठेतरी लिहून ठेवा. तक्त्याचा स्क्रीनशॉट काढला तरी पुरे.

प्रश्न : मुख्य साइट वर्डप्रेसवर आहे, ती हलवायची नाही. फक्त ग्राहकांच्या गॅलऱ्या पिक्सीसेटसारख्या सेवेवर ठेवायच्या आहेत. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सबडोमेन वापरा. ‘गॅलरी डॉट माझंनाव डॉट कॉम’ असं नाव ठरवा, सेवेच्या पानावर ते भरा, आणि तक्त्यात ‘गॅलरी’ या होस्टवर सेवेने दिलेला सीनेम घाला. ‘@’ आणि ट्रिपल डब्ल्यूला हात लावायचा नाही. ए रेकॉर्ड, एएएए, ईमेल यातलं काहीच मध्ये येत नसल्यामुळे जोडणीचा सर्वांत बिनधोक प्रकार हाच आहे, आणि उद्या गॅलरीची सेवा बदलली तरी एकच ओळ बदलावी लागते.

प्रश्न : ज्याने वेबसाइट करून दिली त्यानेच डोमेन घेतलं होतं. आता तो फोन उचलत नाही. डोमेन माझंच आहे ना? — एक वाचक, जळगाव

उत्तर : नोंदणीत ज्याचं नाव, त्याचं डोमेन. पैसे तुम्ही दिले आणि नाव त्याचं लागलं, तर सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून शेत कसण्यासारखं आहे. आधी ‘हूइज’ या डोमेन-नोंदणीच्या जाहीर तपासणीत नोंदणी कुठल्या कंपनीकडे आहे आणि मुदत कधी संपते ते पाहा. नोंदणीदाराचं नाव अलीकडे बहुधा झाकलेलं असतं, पण कंपनी आणि तारीख दिसते. पैसे दिल्याच्या पावत्या, करार, व्हॉट्सॲपवरचा व्यवहार जमवा आणि त्या माणसाला लेखी मागणी करा : डोमेन माझ्या खात्यात हलवा किंवा ट्रान्सफर कोड द्या. त्याच कंपनीत तुमचं खातं उघडून आतल्या आत हलवणं सर्वांत जलद. डॉट इन नावांची नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, चालवते आणि वादासाठी तिची इंडआरपी ही लवादाची पद्धत आहे. पण तिथे ट्रेडमार्क किंवा नावावरचा हक्क आणि समोरच्याची बदनियत दोन्ही दाखवावं लागतं.

नवं डोमेन घेणाऱ्यांनी खातं स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने उघडावं आणि तंत्रज्ञाला फक्त डीएनएसपुरता प्रवेश द्यावा. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. मुदतीच्या सूचना साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत पाठवणं डॉट कॉमच्या कंपन्यांना बंधनकारक आहे. पण मुदत संपून डोमेन बंद पडलं की त्यावरचा मेलही बंद, म्हणजे शेवटची सूचना तुम्हाला मिळणारच नाही.

प्रश्न : नवं डॉट कॉम घेतलं, साइट दोन आठवडे छान चालली आणि एकदम बंद झाली. काहीही बदललं नव्हतं. — एक वाचिका, बेळगाव

उत्तर : नोंदणीनंतर आलेला ‘ईमेल पडताळा’ हा संदेश राहून गेला असणार. डॉट कॉमसारख्या नावांसाठी १५ दिवसांत नोंदणीदाराचा संपर्क पडताळला नाही, तर कंपनीला डोमेन थांबवावं लागतं. स्पॅममध्ये शोधा किंवा खात्यात जाऊन दुवा पुन्हा मागवा. पडताळणी झाली की साइट बहुधा काही तासांत परत येते. रेकॉर्ड बदलत बसू नका.

प्रश्न : स्टुडिओचं नाव मराठीत आहे. देवनागरीतलं डॉट भारत डोमेन फोटोंच्या साइटला लावता येतं का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : येतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं. डीएनएसला मात्र फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ कळते, म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचं ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघांनी सुरू होणारं एक रूप असतं. त्याला प्युनीकोड म्हणतात. सेवेच्या पानावर देवनागरी नाव नाकारलं गेलं तर हे रूप भरून पाहा. ते तुमच्या डोमेन कंपनीच्या पानावर दिसतं. बाकी रेकॉर्ड तसेच. व्हॉट्सॲपवर लिंक चिकटवल्यावर कधी कधी हेच अगम्य रूप दिसतं आणि अनोळखी ग्राहक त्यावर क्लिक करायला कचरतो. ईमेलसाठीही देवनागरी पत्ता अजून सगळीकडे चालत नाही. पाटीवर आणि पत्रिकेवर मराठी नाव छापा, पण सोबत एक रोमन डोमेन घेऊन साइट आणि मेल त्यावर ठेवा आणि मराठी नाव ३०१ने तिकडे वळवा. दोन्हीचा मान राहतो.

प्रश्न : सेवेच्या मूळ पत्त्यावरच्या गॅलरीच्या लिंक शेकडो ग्राहकांना दिल्या आहेत. डोमेन जोडल्यावर त्या तुटतील का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बहुतेक सेवांवर तुटत नाहीत; मूळ पत्ता आपोआप नव्या डोमेनकडे वळतो. तरी पासवर्ड असलेली एक आणि नसलेली एक, अशा दोन जुन्या लिंक खासगी विंडोत उघडून पाहा. ग्राहकाने पूर्वी टाकलेला पासवर्ड ब्राउझर जुन्या पत्त्याच्या नावे लक्षात ठेवतो, त्यामुळे नव्या पत्त्यावर तो एकदा पुन्हा विचारला जाईल. तसं दोन ओळींत ग्राहकांना आधीच कळवा.

खरी तूट होते ती एका स्वतःच्या डोमेनवरून दुसऱ्यावर जाताना. डोमेन कंपनीचं साधं फॉरवर्डिंग बऱ्याचदा तिरप्या रेघेपुढचा भाग गाळतं आणि ‘अमुक यांचा साखरपुडा’ या गॅलरीची लिंक पहिल्या पानावर येऊन पडते. ‘पाथसह फॉरवर्ड’ असा पर्याय आहे का ते पाहा आणि जुनं डोमेन निदान काही वर्षं चालू ठेवा. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये नवं नाव ‘डोमेन’ या प्रकाराने जोडा. त्यासाठी ‘@’वर एक टीएक्सटी रेकॉर्ड लागतो, तो नंतरही काढायचा नाही, काढला तर सर्च कन्सोलमधली मालकीची पडताळणी रद्द होते.

आणि अल्बमच्या मागे क्यूआर कोड छापत असाल, तर तो आपल्याच डोमेनच्या पत्त्याचा बनवा. फुकट क्यूआर बनवणाऱ्या काही साइट मध्ये स्वतःचा पत्ता घालतात आणि मोफत मुदत संपली की तो कोड बंद करतात. छापण्याआधी कोड स्कॅन करून मोबाइलवर कुठला पत्ता दिसतो ते वाचा. तिथे तुमचं नाव नसेल तर तो कोड छापायला देऊ नका.